ग्रीस निघतंय… पण जातंय कुठं?

बाइकची चेन असो की इंजिनचा ब्लॉक, पार्ट चकाचक झाला की आपण खूश. पण निघालेलं काळं पाणी, उडून गेलेला वास आणि धुणाऱ्याचे हात यांचा हिशेब कोण ठेवतो? फौंड्री आणि गॅरेजच्या आपल्या कोल्हापुरात हा प्रश्न प्रत्येक गल्लीतला आहे.

रविवारी सकाळी बाइक मेन स्टँडवर लावायची, पाण्याच्या जुन्या बाटलीत पाव लिटर पेट्रोल घ्यायचं, टूथब्रशनं चेन घासायची. पाच मिनिटांत काळा थर गायब. खाली सांडलेलं पाइपच्या पाण्यानं गटरात ढकललं की विषय संपला! निदान आपल्याला तसं वाटतं. हेच काम गॅरेजमध्ये दिवसातून दहा वेळा होतं आणि कारखान्यात प्रत्येक जॉबमागे होतं. म्हणूनच वाहनांचे पार्ट धुण्याचं औषध, म्हणजे डिग्रीझर, कोणतं वापरायचं यावर आता जगभर नियम कडक होत चाललेत. ‘नियम पाळायचे तर ग्रीस निघत नाही, ग्रीस काढायचं तर नियम मोडतो,’ अशी तक्रार तुम्हीही ऐकली असेल. ती कितपत खरी आहे, ते बघूया.

धुणं हे किरकोळ काम नाही

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत. या पट्ट्यात कास्टिंग ओतलं जातं, त्याचं मशिनिंग होतं आणि पार्ट वाहन कंपन्यांकडे जातात. मशिनवरून उतरलेल्या जॉबवर कूलंट असतं, कटिंग ऑइल असतं, बारीक चिप्स असतात, कुठं तरी वाळूचा कण अडकलेला असतो. तो कण इंजिनमध्ये गेला की बेअरिंगची वाट लागते. म्हणून पार्ट किती स्वच्छ हवा, यासाठी ‘आयएसओ 16232’ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात पार्टवर उरलेल्या कचऱ्याचं वजन मिलिग्रॅममध्ये आणि कणांचा आकार मायक्रॉनमध्ये मोजतात. नुसता फडका मारून भागत नाही.

गॅरेजमध्ये प्रकार उलटा. तिथं येतं ते वर्षानुवर्षं जळलेलं ऑइल, धुळीत मळलेलं ग्रीस आणि पिस्टनवर बसलेला कार्बन. म्हणजे एकच शब्द ‘मळ’, पण चीज वेगवेगळी. औषध निवडताना गडबड होते ती इथंच.

जादूचं रसायन आणि त्याची किंमत

एकेकाळी कारखान्यांत कार्बन टेट्राक्लोराइड, मिथाइल क्लोरोफॉर्म, सीएफसी-113 आणि ट्रायक्लोरोइथिलीन ही रसायनं पार्ट धुवायला सर्रास वापरली जायची. कारण साधं होतं. ही सहजासहजी पेट घेत नाहीत, पटकन वाळतात, डाग ठेवत नाहीत आणि पाणी नसल्यामुळे लोखंड गंजत नाही. ट्रायक्लोरोइथिलीन 87 अंश सेल्सिअसला उकळतं. टाकीत त्याची वाफ करायची, थंड जॉब वर धरायचा. वाफ जॉबवर थंड होऊन थेंब बनते आणि तेलासकट खाली ओघळते. घासायची गरजच नाही. कारागिराला याहून काय पाहिजे?

पण यातली पहिली तीन रसायनं वर जाऊन ओझोनचा थर खात होती. 1987 मध्ये माँट्रियल करार झाला, भारत 1992 मध्ये त्यात सामील झाला, 2000 मध्ये आपल्याकडे ओझोनला घातक पदार्थांसाठी नियम आले आणि 2010 उजाडेपर्यंत कार्बन टेट्राक्लोराइडचा असा वापर बंद करायचं ठरलं. ट्रायक्लोरोइथिलीनची गोष्ट वेगळी. 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला ‘माणसात कर्करोग करणारं’ या पहिल्या गटात टाकलं. मूत्रपिंडाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झाला होता. युरोपात 21 एप्रिल 2016 नंतर खास परवानगीशिवाय त्याचा वापर बंद झाला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनंही डिसेंबर 2024 मध्ये बंदीचा नियम जाहीर केला.

म्हणजे नियम कुणाच्या तरी डोक्यात आलं म्हणून झालेले नाहीत. प्रत्येक नियमामागं कुणाची तरी किडनी, कुणाचा तरी श्वास आहे.

24 वर्षांचा मेकॅनिक

आता एक गोष्ट, जी गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या प्रत्येकानं ऐकायला हवी. ब्रेक साफ करायच्या स्प्रेमधली क्लोरीनवाली रसायनं नको, म्हणून काही उत्पादकांनी कॅलिफोर्नियात नवीन मिश्रण आणलं. त्यात हेक्झेन होतं. ओझोनला धोका नाही, पटकन वाळतं, काम झकास. काही काळानं तिथल्या एका 24 वर्षांच्या मेकॅनिकचे हात-पाय बधिर व्हायला लागले. हेक्झेननं नसांवर परिणाम केला होता. मग शोध घेतल्यावर तसे आणखी मेकॅनिक सापडले. 2001 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं यावर अहवाल छापला.

यातून काय कळतं? एक रसायन काढून दुसरं घातलं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. तो आभाळातून माणसाच्या नसांमध्ये आला, एवढंच. आणि आज आपण तोच प्रश्न नसांमधून काढून गटरात ढकलतोय का, हे तपासायला पाहिजे.

पेट्रोल, डिझेल, रॉकेल: आपला रोजचा त्रिकूट

आपल्याकडच्या छोट्या गॅरेजमध्ये परदेशी रसायनांपेक्षा ट्रेमध्ये दिसतं ते डिझेल, रॉकेल नाहीतर पेट्रोल. यात सगळ्यात वाईट पेट्रोल. त्याची वाफ उणे 40 अंशांच्या खालीही पेट घेऊ शकते, म्हणजे कोल्हापूरच्या कुठल्याही ऋतूत ते पेटायला तयारच असतं. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर बोलायलाच नको. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझिन असतं. बीएस-6 मध्ये ते 1 टक्क्यापर्यंत चालतं, आणि बेंझिन हेसुद्धा कर्करोगाच्या त्याच पहिल्या गटातलं. पेट्रोलनं हात धुणारी पोरं तुम्ही बघितली असतील. ग्रीस निघतं खरं, पण कातडीचं नैसर्गिक तेलही निघतं. मग भेगा, खाज, आणि त्या भेगांतून रसायन आत.

रॉकेल आणि डिझेल त्या मानानं कमी भडकतात, तेलकट मळ चांगला काढतात. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल लावलं तर रबर फुगतं, रॉकेल चालतं, असं बऱ्याच बाइकच्या मॅन्युअलमध्येही असतं. म्हणजे रॉकेल हे पाप आहे असं नाही. प्रश्न किती वापरतो आणि वापरून झाल्यावर कुठं टाकतो हा आहे. या द्रवांची वाफ हवेत जाऊन उन्हात वाहनांच्या धुरातल्या वायूंबरोबर जमिनीलगतचा ओझोन तयार करते. वरचा ओझोन आपलं रक्षण करतो, हा खालचा छातीला त्रास देतो. म्हणूनच लॉस एंजेलिस भागात दुरुस्तीच्या कामात पार्ट साफ करायच्या द्रवात अशी उडून जाणारी रसायनं लिटरमागं 25 ग्रॅमपर्यंतच चालतात. तिथली गॅरेजं बंद पडली नाहीत. ती बऱ्याच अंशी पाण्यावर आली.

पाण्यानं ग्रीस निघतं?

निघतं. पण थंड पाण्यात निळं लिक्विड ओतून ब्रश मारला तर निघत नाही, आणि मग ‘इको-फ्रेंडलीत दम नाही’ असं म्हणून आपण परत डिझेलकडं वळतो. धुण्याच्या शास्त्रात चार गोष्टी मानतात: रसायन, तापमान, वेळ आणि घासण्याचा जोर. एक कमी केली तर बाकीच्या वाढवाव्या लागतात. डिझेलमध्ये रसायनाचा जोर जास्त, त्यामुळं बाकी तीन गोष्टी आपण विसरलोय. पाण्यावरचा डिग्रीझर 50 ते 60 अंशांना गरम केला, पार्ट पंधरा-वीस मिनिटं भिजवला आणि मग ब्रश किंवा प्रेशर दिला की निकाल वेगळाच दिसतो. बारीक छिद्रांचे कार्ब्युरेटरसारखे पार्ट असतील तर अल्ट्रासोनिक टाकी. त्यात ध्वनिलहरींमुळं लाखो सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि ब्रश पोचत नाही तिथला मळ सुटतो.

इथं दोन गोष्टींत फसगत होते.

पहिली कॉस्टिक सोडा. ‘कडक कॉस्टिक म्हणजे कडक सफाई’ हा समज. स्वयंपाकाच्या तेलाचा कॉस्टिकमुळं साबण होतो, पण इंजिन ऑइल खनिज तेल आहे, त्याचा साबण होत नाही. ते उचलायचं काम डिटर्जंटसारखे घटक करतात. वर कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडतो. बाइकचं हेड किंवा कार्ब्युरेटर कॉस्टिकमध्ये टाकलं तर काळं पडतं, खरबरीत होतं. ॲल्युमिनियमला सौम्य, कमी पीएचचा डिग्रीझरच हवा.

दुसरी गोष्ट गंज. बीडाचं मशिनिंग केलेलं तोंड पाण्यातून काढलं की काही मिनिटांत तांबूस होतं. कारखाने पाण्याला बिचकतात ते यामुळंच, आणि त्यांची भीती खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे शेवटच्या धुण्यात गंजरोधक घालायचा, ते पाणी गरम ठेवायचं, लगेच कोरड्या हवेनं वाळवायचं आणि मग गंजरोधक तेल. यात एक पायरी वाढते हे मान्य. पण टाकीभर सॉल्व्हेंटला आग लागायची धास्ती जाते.

हिरव्या लेबलची पळवाट

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅनवर हिरवं पान आहे, ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलंय. म्हणून वापरून झाल्यावर गटरात ओतलं तर चालेल? अजिबात नाही. लेबल सांगतं ते कॅनमधल्या द्रवाबद्दल. वापरल्यावर त्यात तुमच्या इंजिनचं ऑइल, धातूचा चुरा आणि काजळी मिसळलेली असते. त्याला आता कुठलंच हिरवं पान लागू होत नाही.

उलट काही ‘पॉवरफुल’ डिग्रीझर तेलाचे इतके बारीक थेंब करतात की पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि तेल वर तरंगतच नाही. मग गॅरेजमध्ये तेल अडवायचा ट्रॅप असला तरी तेल त्याच्यातून सरळ निघून जातं. म्हणजे जे औषध तेल जास्त घट्ट धरतं, ते नाल्याला जास्त महागात पडतं. म्हणून जाणकार असं औषध मागतात जे तेल उचलतं आणि थोडा वेळ शांत ठेवलं की सोडून देतं. वरचं तेल काढून घ्यायचं, खालचं पाणी परत वापरायचं.

एक हिशेब करा. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे. एक लिटर इंजिन ऑइल भरतं साधारण 870 ग्रॅम. ते या मर्यादेत बसवायचं तर 87 हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे 10 हजार लिटरचे जवळपास नऊ टँकर. फक्त एका लिटरसाठी!

आणि आपलं गटर जातं कुठं? जयंती नाला शहरातून वाहत पंचगंगेकडं जातो. त्याचं पाणी उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात न्यायची सोय आहे, पण ते केंद्र घरातल्या सांडपाण्यासाठी आहे. तिथं घाण खायचं काम जिवाणू करतात आणि त्यांना ऑक्सिजन लागतो. तेलाचा तवंग नेमका तोच अडवतो. जे अडत नाही ते पंचगंगेत, पुढं इचलकरंजी, शिरोळ आणि नृसिंहवाडीला कृष्णेत. मेलेल्या माशांचे फोटो आले की आपण सगळे स्टेटस ठेवतो. त्या पाण्यात आपल्या चेनचाही वाटा असू शकतो, हे मात्र कुणी लिहीत नाही.

कायदा काय म्हणतो?

घातक कचऱ्याचे 2016 चे नियम यासाठी आहेत. वापरलेलं ऑइल, तेलकट गाळ, वापरलेलं सॉल्व्हेंट हे सगळं त्यात येतं. इतकंच काय, तेलानं माखलेल्या चिंध्या आणि कॉटन वेस्टसुद्धा. असा कचरा उद्योगानं 90 दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचा आणि नोंद ठेवायची. उरलेल्या घातक कचऱ्यासाठी रांजणगाव, तळोजा इथं सामायिक केंद्रं आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय कोल्हापुरातही आहे. 1 एप्रिल 2024 पासून वापरलेल्या ऑइलची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे.

कागदावर हे छान आहे. पण एका शटरच्या गॅरेजवाल्याकडं महिन्याला एखादा कॅन गाळ निघतो. त्यासाठी कोण गाडी पाठवणार? मग तो गाळ कुठं तरी ओतला जातो, ऑइल सेंट्रिंगच्या प्लेटांना फासायला जातं. दंडाच्या नोटिसा काढून हे सुटणार नाही. दहा-वीस गॅरेजनी मिळून एक ड्रम, एक ठरलेला दिवस आणि एक अधिकृत उचलणारा, असं काही झालं तरच नियम गल्लीपर्यंत पोचेल. आपल्याकडं दूध गोळा करायला गावोगाव डेअरी उभी राहू शकते. मग गाळ गोळा करायला गल्लीत एक ड्रम का नको?

आणि ड्रम कुठं ठेवायचा, हेही कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. जमिनीवर ठेवलेला ऑइलचा ड्रम पुरात तरंगतो, उलटतो आणि तेच तेल शेजारच्यांच्या भिंतींवर रेघ मारून जातं. पावसाळ्याआधी ड्रम रिकामा करा किंवा उंचावर बांधून ठेवा.

मग वापरायचं काय?

- आधी खरवडा. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं जाड ग्रीस काढा, कोरड्या चिंधीनं पुसा. अर्धं काम इथंच होतं आणि द्रव कमी लागतो.
- बाइकची चेन: चेन क्लीनर किंवा ब्रशवर थोडंसं रॉकेल. खाली ट्रे ठेवा. पेट्रोल नको.
- ॲल्युमिनियमचे पार्ट: पाण्यावरचा सौम्य डिग्रीझर, कोमट पाण्यात भिजवून. कॉस्टिक नको.
- बीड, लोखंड: गरम पाण्यावरचा अल्कधर्मी डिग्रीझर, मग गंजरोधक, लगेच वाळवणं.
- ब्रेकचे पार्ट: ओले करूनच साफ करा. हवा मारली की ब्रेकची धूळ थेट छातीत. स्प्रे वापरलाच तर उघड्यावर.
- दोन ट्रे ठेवा: पहिल्यात जुना द्रव, दुसऱ्यात नवा. पार्ट आधी जुन्यात, मग नव्यात. जुना रात्रभर निवळू द्या, वरचा परत वापरा, तळचा गाळ ड्रममध्ये.
- हातात नायट्राइलचे ग्लोव्ह्ज. साधे रबरी पेट्रोलमध्ये फुगतात. हात धुवायला साबण आणि लाकडाचा भुसा.
- वापरलेल्या ऑइलमध्ये थिनर किंवा स्प्रे मिसळू नका. मग ते ऑइल पुनर्प्रक्रियेच्या लायकीचं राहत नाही.
- घरी काम करत असाल तर निघालेलं ऑइल कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजच्या किंवा सर्व्हिस सेंटरच्या ड्रममध्ये द्या.

‘नैसर्गिक’ या शब्दानंही हुरळू नका. संत्र्याच्या सालीतलं डी-लिमोनिन ग्रीस मस्त काढतं, पण ते पेट घेतं आणि काहींच्या कातडीला त्याची ॲलर्जी होते. बायोडिझेलसारखी वनस्पती तेलापासूनची द्रवं 100 अंशांच्या पुढंच पेट घेतात आणि उडूनही कमी जातात, पण काम हळू करतात आणि मागं तेलकट थर ठेवतात. सगळ्या मळावर एकच औषध, असं काही नसतं.

बाटली टेस्ट करून बघा

आयटीआय, पॉलिटेक्निक, इंजिनीअरिंगला असाल तर हा छोटा प्रयोग प्रोजेक्ट म्हणूनही चालेल. काचेच्या बाटलीत डिग्रीझरचं पाणी घ्या, चमचाभर वापरलेलं ऑइल टाका, झाकण लावून जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वर तेलाचा वेगळा थर आणि खाली बऱ्यापैकी स्वच्छ पाणी दिसलं, तर ते औषध तेल सोडतंय. पाणी अजून दुधी असेल, तर तुमचा ट्रॅप त्याच्यापुढं हात टेकणार. चार ब्रँड घ्या, चार बाटल्या ओळीत लावा, फोटो काढा. बाटल्यांतलं मात्र गटरात नको, ड्रममध्येच.

आणि दुकानात कॅन घेताना ‘सेफ्टी डेटा शीट’ मागा. त्यात 16 भाग असतात. सगळं वाचायला वेळ नसेल तर पाच बघा: दुसऱ्यात धोका, तिसऱ्यात घटक, आठव्यात ग्लोव्ह्ज-मास्क, नवव्यात पेट घ्यायचं तापमान, तेराव्यात टाकायचं कसं. तिसऱ्या भागात हेक्झेन, ट्रायक्लोरोइथिलीन किंवा बेंझिन दिसलं तर कॅन परत ठेवा. दुकानदारानं ‘असलं काही नसतंय’ म्हटलं तर दुसरं दुकान बघा. चार गिऱ्हाइकांनी तो कागद मागितला की पाचव्या वेळी तो काउंटरवर तयार असेल.